नायक कुणाचा?

गाजलेल्या कथेचा उत्तरार्ध रचणे हे पूर्वार्ध रचण्याहून कठीण काम. पूर्वार्धाला केवळ परीक्षक भेटतात. उत्तरार्धाला वारसदार भेटतात. पहिल्या भागाने ज्यांना वेड लावले ते सारे दुसऱ्या भागाच्या वेळी आपला हिस्सा मागायला उभे राहतात आणि त्यांतील प्रत्येकाच्या मनात तो उत्तरार्ध आधीच रचून तयार असतो. 'सुपरमॅन २' या इंग्रजी चित्रपटाच्या वाट्याला नेमके हेच आले. १९८० च्या डिसेंबरात तो युरोपात आणि १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेत पडद्यावर आला. त्याला चार दशकांहून अधिक काळ लोटला. त्याचा नायक गेला, मूळ दिग्दर्शक गेला, खलनायकही गेला. तरीही तो चांगला की वाईट, आणि मुळात तो कुणाचा, हा त्याच्या चाहत्यांमधील वाद काही मिटलेला नाही.

उडणाऱ्या माणसाच्या चित्रकथेवर अग्रलेखाची जागा खर्ची घालावी काय, असा प्रश्न आमच्या काही वयोवृद्ध वाचकांना पडेल. त्यांना आम्ही एवढेच विचारू की, १९६४ साली सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'चे अंक पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचणारी मुले कुणाच्या घरी नव्हती? ज्या गोमंतकात वेताळाची ग्रामदैवत म्हणून पूजा होते तेथेच परदेशी फँटम 'वेताळ' हे नाव घेऊन मुलांच्या मनात शिरला. अद्भुताची ओढ माणसाला सर्वत्र सारखीच असते. म्हणूनच या वादाची तड लावताना जो प्रश्न पुढे येतो तो केवळ अमेरिकी पोरांचा राहत नाही.

हकीकत थोडक्यात अशी. साल्काइंड पितापुत्रांनी १९७७ साली सुपरमॅनचे दोन्ही भाग एकाच वेळी चित्रित करावयास घेतले. दिग्दर्शक होते रिचर्ड डॉनर. गोष्ट कितीही अद्भुत असली तरी प्रेक्षकाला ती खरी वाटली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. खर्च वाढला, मुदती टळल्या, निर्माते आणि दिग्दर्शक यांचे संबंध पार विकोपाला गेले. अखेर दुसऱ्या भागाचे बरेचसे चित्रण झालेले असताना ते थांबवून आधी पहिला भाग पुरा करण्यात आला. १९७८ च्या डिसेंबरात तो झळकला आणि जगभर गाजला. या यशाची डॉनर यांना बिदागी काय मिळाली? १९७९ साली त्यांना दूर करून त्यांच्या जागी रिचर्ड लेस्टर यांना बसविण्यात आले! दिग्दर्शक म्हणून नव्या माणसाचे नाव लागावे यासाठी पुष्कळसा भाग पुन्हा चित्रित झाला. नायकाच्या पित्याच्या भूमिकेतील मार्लन ब्रँडो यांची दृश्ये वापरली असती तर त्यांना उत्पन्नातील वाटा द्यावा लागला असता. तेव्हा पित्यालाच गाळून आईकडून काम भागविण्यात आले. खलनायक झालेले जीन हॅकमन पुन्हा चित्रणाला आले नाहीत, म्हणून काही ठिकाणी त्यांच्या जागी पाठमोरा बदली नट आणि उसना आवाज आला.

असे ठिगळ लावलेले वस्त्र बाजारात टिकणार नाही, असे कुणालाही वाटले असते. झाले उलटेच. एकट्या अमेरिकेत चित्रपटाने दहा कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमविला आणि अनेक समीक्षकांनीही त्याची वाखाणणी केली. प्रेमासाठी आपले सामर्थ्य सोडून देणारा, रस्त्याकडेच्या खाणावळीत एका दांडगटाचा मार खाणारा आणि स्वतःच्या ओठावरचे रक्त पाहून भांबावणारा महावीर प्रेक्षकांनी पूर्वी पडद्यावर पाहिला नव्हता. क्रिस्टोफर रीव्ह यांनी ते भांबावणे असे काही दाखविले की, त्या एका प्रसंगासाठी चित्रपटाचे शंभर अपराध पोटात घालणारे चाहते आजही भेटतात. टेरेन्स स्टॅम्प यांनी थंडपणे रंगविलेला सेनापती झॉडही असाच लोकांच्या कायमचा लक्षात राहिला.

परंतु ज्यांनी मूळ चित्रकथा पारायणे करून वाचल्या होत्या त्यांचे समाधान झाले नाही. नायक छातीवरचे 'एस' हे चिन्ह पापुद्र्यासारखे सोलून शत्रूवर फेकतो, शत्रूंच्या बोटांतून किरण निघतात, ही सामर्थ्ये आली कोठून, असा त्यांचा सवाल होता. भर शहरात वावटळ उठून माणसे भिरकावली जात असताना एक गृहस्थ टेलिफोनवर खिदळतच राहतो. हा युद्धप्रसंग की फार्स, असे ते विचारीत. सर्वांत मोठा आक्षेप होता तो शेवटाला. क्लार्क केंट हाच सुपरमॅन आहे हे ओळखलेल्या लोइस लेनला नायक एक चुंबन देतो आणि ती सारे विसरते! ज्या गुपितासाठी दोन तास जीव टांगणीला लागला ते असे पुसून टाकणे ही कथेशी प्रतारणा आहे, असे एका पक्षाचे म्हणणे. ती विसरली तरी तो विसरला नाही, आठवणीचा भार त्याने एकट्याने उचलला, यातच खरी करुणा आहे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे.

विस्मृतीची ही युक्ती आपल्याला मुळीच नवी नाही. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासाने तेथे दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी आणली आणि मूळ कथाच पालटून टाकली. भवभूतीचे उदाहरण तर याहून जवळचे. 'महावीरचरित' लिहून झाल्यावर त्याने 'उत्तररामचरित' रचले, म्हणजे आजच्या भाषेत दुसरा भाग काढला, आणि रामसीतेचा अखेरचा वियोग मोडून त्यांचे मीलन घडविले. वाल्मीकीची संहिता पाठ असलेले श्रोते तेव्हा नव्हते असे कोण म्हणेल? तेव्हा मुळात बदल करणे हा अपराध नव्हे. बदल कशासाठी केला, हाच खरा प्रश्न आहे. कालिदासाची विस्मृती पश्चात्तापाकडे नेते, दुष्यंताला माणूस म्हणून मोठा करते. भवभूतीने शेवट बदलला तो सीतेला न्याय मिळावा म्हणून. 'सुपरमॅन २' मध्ये मात्र कित्येक बदल कथेच्या गरजेतून न येता हिशेबाच्या वहीतून आले. चाहत्यांना सारा तपशील ठाऊक असो वा नसो, काहीतरी बिनसले आहे हे त्यांना जाणवले. संगीत नाटकात ऐनवेळी एखादे पद गाळले तर उत्सवी रंगमंचासमोर सतरंजीवर बसलेला आमचा गोमंतकीय प्रेक्षकही ते तत्काळ ओळखतो. रसिकाची ही जाण खरी असते. तिची हेटाळणी आम्ही करणार नाही.

या जाणिवेचे फळ चाहत्यांना मिळाले, पण ते २००६ साली. त्यांची मागणी वर्षानुवर्षे चालू होती; अखेर डॉनर यांनी चित्रित केलेली जुनी फीत बाहेर काढण्यात आली. मायकेल थाऊ यांनी ती जोडून घेतली, ब्रँडो यांची दृश्ये परत आली आणि ही आवृत्ती त्या वर्षीच्या नोव्हेंबरात घरगुती पडद्यावर आली. २००४ साली निवर्तलेल्या रीव्ह यांच्या स्मृतीला ती अर्पण करण्यात आली आहे. आता तरी वाद मिटावा? तसे झाले नाही. एक महत्त्वाचे दृश्य डॉनर यांच्याकडून चित्रित व्हायचेच राहिले होते; तेथे नटनटींच्या निवडीच्या वेळी घेतलेल्या चाचणीचे तुकडे जोडावे लागले. शेवटी नायक काळाचे चक्रच उलटे फिरवितो, म्हणजे घडलेले सारे न घडलेले होते. आणि त्यानंतर तो खाणावळीत जाऊन त्याच दांडगटाचा सूड घेतो, ज्याने या नव्या काळात त्याला बोटही लावलेले नाही! मूळ शुद्ध रूप म्हणून ज्याची वाट पाहिली तेही अपुरेच निघाले. गंभीर रूप आवडणारे एकीकडे आणि लहानपणी पाहिलेल्या लेस्टरच्याच चित्रपटावर जीव असणारे दुसरीकडे, असे दोन तट आजही कायम आहेत.

पुढे याच वाटेने आणखी मोठी चळवळ झाली. २०१७ चा 'जस्टिस लीग' हा चित्रपट झॅक स्नायडर यांच्या हातून निघून दुसऱ्याच्या हाती पुरा झाला, तेव्हा मूळ रूपासाठी चाहत्यांनी एवढा गजर केला की, २०२१ साली ते चार तासांचे रूप कंपनीला दाखवावे लागले. या चाहत्यांनी आत्महत्या रोखण्याच्या कार्यासाठी पाच लाख डॉलरहून अधिक निधी गोळा केला, हे त्यांचे भूषण. त्यांच्यातीलच काहींनी वेगळे मत मांडणाऱ्यांना शिवीगाळ केली, हे त्यांचे दूषण. प्रेम करणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार असतो. दुसऱ्याच्या प्रेमाला खोटे ठरविण्याचा नसतो.

आणि येथेच आम्हाला या साऱ्या चाहत्यांपुढे एक प्रश्न ठेवावासा वाटतो. मूळ, मूळ असा जो घोष चालतो ते मूळ नेमके कोठे आहे? ते डॉनर यांच्यापाशी नाही आणि लेस्टर यांच्यापाशी तर नाहीच. क्लीव्हलँड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला. १९३८ साली तेरा पानांच्या पहिल्या कथेसाठी त्यांना १३० डॉलर मिळाले आणि त्या मोबदल्यात नायकावरचे सारे हक्क प्रकाशकाकडे गेले. पुढे हक्कासाठी ते न्यायालयात गेले. तडजोड झाली आणि त्यांची नावेही चित्रकथांवरून नाहीशी झाली. १९७५ साली सुपरमॅनवर कोट्यवधी डॉलरचा चित्रपट निघणार अशी बातमी आली तेव्हा सीगल कारकुनी करीत होते आणि शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. संतापलेल्या सीगल यांनी त्या चित्रपटाला जाहीर पत्रक काढून शाप दिला. नील अॅडम्स, जेरी रॉबिन्सन हे चित्रकार आणि काही वार्ताहर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वर्षअखेर कंपनीने दोघांना प्रत्येकी वीस हजार डॉलरचे वार्षिक निवृत्तिवेतन मान्य केले आणि त्यांची नावे पुन्हा लावली. आपल्या संस्कृत नाटकात सूत्रधार प्रस्तावनेतच कवीचे नाव सांगतो आणि मगच नाटक सुरू होते. एवढी साधी रीत पाळली जाण्यासाठी या दोन निर्मात्यांना पंचवीसहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली!

त्या १३० डॉलरचा समावेश असलेला मूळ धनादेश २०१२ साली लिलावात एक लाख साठ हजार डॉलरला विकला गेला. सीगल आणि शुस्टर तेव्हा हयात नव्हते. कागदाची किंमत वाढली. ज्यांच्या नावाने तो फाडला गेला त्यांना मात्र ती हयातीत मिळाली नाही. नायकाच्या छातीवरचे चिन्ह उपटले गेले म्हणून हळहळणाऱ्या रसिकांनी त्याच्या जनकांची नावे उपटली गेली याचीही तेवढीच हळहळ बाळगावी, असे आम्हाला वाटते. कथेवरील निष्ठा जर कथा रचणाऱ्या हातापर्यंत पोहोचत नसेल तर तो नुसता हट्ट ठरतो.

अमेरिकी कायद्याप्रमाणे १९३८ ची ती पहिली कथा १ जानेवारी २०३४ रोजी सर्वांसाठी खुली होईल. मग त्या मूळ सुपरमॅनचा उत्तरार्ध कुणीही लिहावा, कुणीही चितारावा. मालकाचा हक्क त्या दिवशी सरेल. कृतज्ञतेचे ऋण मात्र कोणत्याही कायद्याने सरत नाही. जे नवे उत्तरार्ध तेव्हा येतील त्यांपैकी काही रुचतील, काही रुचणार नाहीत, आणि चाहते भांडतील. त्यांनी खुशाल भांडावे. पण पडदा वर जाण्यापूर्वी सूत्रधाराने ती दोन नावे घेतली की नाही, एवढे त्यांनी आधी पाहावे.