डेडस्टॉकमध्ये नसलेली वस्तू

जुन्या दवाखान्यांच्या इमारती : भाग ७

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही जुन्या दवाखान्यात डेडस्टॉक रजिस्टर मागून पाहा. त्यात सलाइनचा स्टँड असतो, पाय मोडलेलं स्टूल असतं, कधीचंच बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळही असतं. डोक्यावरचं छप्पर तेवढं त्यात नसतं. छप्पर म्हणजे इमारत, आणि इमारत बांधकाम विभागाची. त्या विभागाच्या मोजमाप पुस्तिकेत पत्र्यांचं क्षेत्रफळ लिहिलेलं असेलही, पण तीस-चाळीस वर्षांनी ती पुस्तिका हाताला लागायला हवी. मग पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे की नाही, हे मान वर करून ओळखायचं उरतं. आणि मान वर होते ती छप्पर गळायला लागल्यावरच.

मागच्या भागात आपण ओल पाहिली. ओलीवर उपाय करायला माणूस छपरावर चढतो, तिथून आजचा भाग सुरू होतो.

आमच्या विदर्भातल्या नाचणगाव-पुलगाव पट्ट्यात सिमेंटचा पत्रा रुजला त्यात वांदरांचा मोठा हात आहे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगून पटत नाही. इथली जुनी घरं कवेलूंची. वांदरांची टोळी एकदा छपरावरून गेली की पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणसं शोधत हिंडावं लागतं. टिन टाकावं, तर पारा ४५ च्या पुढे गेलेल्या मे महिन्यात टिनाखाली पेशंट ठेवणं म्हणजे त्याला तव्यावर ठेवणं. सिमेंटचा पत्रा टिनापेक्षा कमी तापतो, पावसात ताशा वाजवत नाही, गंजत नाही, आणि दरसाल फेरावा लागत नाही. व्हरांडा, औषधांची खोली, सायकल स्टँड, कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स, सगळीकडे तो बसला. ज्यांनी बसवला त्यांना आज नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त वांदरांना यातला फरक कळत नाही. कवेलू फुटला तर माती पडते. सिमेंटचा पत्रा फुटतो तेव्हा काय पडतं, ते जरा सविस्तर पाहू.

या पत्र्यात बहुतेक भाग सिमेंटच असतं. त्याला ताण सोसता यावा म्हणून साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असतात, भिंतीच्या मातीत तणस कालवतात तसे. ॲस्बेस्टॉस हा दगडच, पण उभा चिरत जाणारा. एका तंतूचे दोन, दोनाचे चार, असं करत तो इतका बारीक होतो की प्रयोगशाळेत मोजताना ज्याला तंतू म्हणून धरतात त्याची जाडी ३ मायक्रॉनहून कमी असते. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. असा तंतू श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि शरीराला तो विरघळवताही येत नाही, बाहेरही टाकता येत नाही. फुप्फुस आखडत नेणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे त्याचे ठरलेले आजार. श्वास घेतला त्या दिवसापासून आजार दिसेपर्यंत वीस ते चाळीस वर्षं जातात. धूळ उडवणारा गवंडी आणि छातीचा एक्स-रे काढून घेणारा म्हातारा एकच माणूस आहे, हे म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही.

ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी टर्नर ब्रदर्सच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत काम केलेली नेली केरशॉ १९२४ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी वारली, आणि तिच्या फुप्फुसांवरचा डॉ. कुक यांचा लेख त्याच वर्षी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे टर्नर अँड न्यूअल झालेल्या त्याच उद्योगसमूहाचे कारखाने मुंबईत घाटकोपरला आणि मुलुंडला होते. म्हणजे रोग १९२४ ला कागदावर आला, आणि माल पुढची कित्येक दशकं आपल्याकडे बनत राहिला. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर जपा, असा आदेशही दिला. चाळीस हा आकडा उगाच आलेला नाही.

तो निकाल कारखान्यातल्या माणसाचा होता. व्हरांड्यातल्या मोडक्या पत्र्याची खपली झाडूने गोळा करणाऱ्या सफाई कामगाराला त्यात जागा नाही. इमारतीतल्या ॲस्बेस्टॉसची मोजणी करायलाच हवी, असं बजावणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉस वापरायला बंदी केली आणि पुढे जुन्या इमारतींतला माल सांभाळण्याची जबाबदारी इमारत ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर टाकली. पद्धत तिथून उसनी घेता येते. तिचा पाया साधा आहे: नसल्याचं सिद्ध होईपर्यंत आहे असं धरायचं.

छपरापासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. पावसाच्या पाण्याचे आणि संडासाचे राखाडी पाइप पाहा. निर्जंतुकीकरणाच्या खोलीत जुन्या ऑटोक्लेव्हच्या दाराची दोरीसारखी पट्टी, वाफेच्या नळीवरचा पांढरा लेप, अडगळीत पडलेले जाड हातमोजे पाहा. लॅबमध्ये स्पिरिटच्या दिव्यावर ठेवायची तारेची जाळी असते. तिच्या मधला पांढरा गोल जुन्या जाळ्यांमध्ये ॲस्बेस्टॉसचा असे. शाळेत आपण सगळ्यांनीच ती बोटांनी खरवडलेली आहे. यात सर्वांत वाईट ती वाफेच्या नळीवरची लेपाई. पत्र्यात तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात, लेपात ते नुसत्या हातानेही सुटतात.

प्रत्येक राखाडी पत्रा दोषी नसतो, हेही सांगायला हवं. अलीकडे ॲस्बेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात. पत्र्याच्या खालच्या बाजूला छाप असला तर पाहावा. शंका राहिली तर नमुना. आधीच फुटलेल्या कडेवर साबणाचं पाणी फवारायचं, रुपयाएवढी कपची काढायची, दुहेरी पिशवीत बंद करायची, आणि उघडी पडलेली कड रंगाने बुजवायची. नाकावरचा सर्जिकल मास्क इथे काही कामाचा नाही. बारीक धूळ अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. पुढचं काम ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाचं. देशात या विषयातली मुरलेली संस्था म्हणजे अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था. नागपूरची खाण कामगार आरोग्य संस्था २०१९ मध्ये तिच्यातच विलीन झाली.

मग गुण द्यायचे. ब्रिटिश पद्धतीत चार गोष्टी बघतात: वस्तू कसली, किती मोडली, वरून झाकलेली आहे का, आणि ॲस्बेस्टॉस पांढरं, तपकिरी की निळं. अखंड सिमेंट पत्र्याला, पांढरं ॲस्बेस्टॉस धरून, बारापैकी ३ गुण पडतात. वांदरांनी पार चाळण केलेल्या पत्र्यालाही ६ च. सहा म्हणजे धोका कमी. मला हा आकडा आधी खोटा वाटला होता. खोटा नाही, पण अपुरा आहे, आणि पद्धतीलाही ते ठाऊक आहे. म्हणून माणसांच्या वावराचे गुण ती वेगळे धरते: खाली कोण बसतं, किती वेळ, आणि तिथे ड्रिल कोण चालवतं.

आपल्याकडे सगळी मेख या दुसऱ्या गुणांत आहे. पत्रा नुसता पडून असेल तर तो फारसं काही करत नाही. पावसाळ्याआधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडलं, कूलरच्या वायरसाठी भोक पाडलं, कायाकल्प स्वच्छता पुरस्काराच्या तपासणीआधी घाईत रंगरंगोटी काढली, की तो जागा होतो. अशा वेळी वरून आणखी एक जोखीम असते, तिला चाळीस वर्षं लागत नाहीत. सिमेंटचा जुना पत्रा माणसाचं वजन घेत नाही. पाय कैचीच्या किंवा आडव्या पाइपच्या रेषेवर पडला नाही, तर रंगारी सरळ खाली फरशीवर येतो. छपरावर फळ्या टाकल्याशिवाय कुणालाही चढू देऊ नये.

आणि शेवटी निर्लेखन. इमारत मोडकळीला आली की प्रस्ताव जातो, मंजुरी येते, जुन्या साहित्याचा लिलाव होतो. दारं, खिडक्या, लोखंड, पत्रे. घेणारा पत्रे फोडत नाही, फुटला की पैसे गेले. चांगले पत्रे कुणाच्या तरी गोठ्यावर जातात, तिथे नव्या हुकांसाठी नवी भोकं पडतात. फुटके तुकडे अंगणातल्या चिखलात नाहीतर पांदण रस्त्यावर भरावाला पडतात आणि बैलगाडीची चाकं त्यांची भुकटी करत राहतात. दवाखान्यातून धोका गेला, गावातून गेला नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकाऊ ॲस्बेस्टॉसचं नाव आहे, आणि तसा कचरा गाडायची सोय विदर्भात बुटीबोरीला आहे. पण लिलावाच्या यादीत ‘सिमेंट पत्रे, नग अमुक’ एवढंच लिहिलं तर तो कचरा ठरतच नाही, माल ठरतो.

त्यामुळे मोजणी निर्लेखनाच्या आधी व्हायला हवी, आणि ती डेडस्टॉक रजिस्टरमध्येच लिहावी असं माझं मत. वेगळी वही केली की ती वेगळ्या कपाटात जाते. खोलीचं नाव, वस्तू, नग, किती मोडली, फोटो, तारीख, आणि दरवर्षी एकदा पुन्हा पाहिल्याची सही. पत्रे उतरवायचे झाले तर ओले करून, हुक कापून, अखंड, हातोहात खाली घ्यायचे आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. खाली फेकायचे नाहीत. पडलेला चुरा ओल्या फडक्याने उचलायचा, झाडूला हात लावायचा नाही.

ज्यांच्या गोठ्यावर असा पत्रा आधीच चढलेला आहे, त्यांनी घाबरून तो उद्याच उतरवू नये. आहे तिथे राहू द्यावा, नवं भोक पाडू नये, शेवाळ खरवडू नये, आणि वांदरं हाकलायला वर दगड मारू नये.

पुढच्या भागात : ऑटोक्लेव्हच्या खोलीतली जुनी वायरिंग.