वसईच्या दमट हवेत घर गार कसं राहतं?

वसईच्या केळी-नारळाच्या वाड्यांतली जुनी कौलारू घरं मे महिन्यातही सुसह्य वाटतात. उतरत्या कौलांची पडवी भिंतीला ऊन लागू देत नाही. तापलेली हवा हलकी होऊन कौलांच्या फटींतून वर निघून जाते, चौक असेल तर त्यातूनही. आणि तिच्या जागी झाडांखालची हवा आत येते. दुपारचा समुद्रावरचा पश्चिमेचा वारा मात्र समोरासमोर खिडक्या असतील तरच घरातून फिरतो.

चौकात कारंजं बसवायची हौस राजस्थानात ठीक. इथली हवा आधीच दमट, त्यात पाणी फारसं उडत नाही. गारवा वाटतो तो अंगावरून वारा गेला की. शिवाय मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी डोक्यावरच असतो, म्हणून छप्पर आणि पश्चिमेची भिंत आधी सांभाळावी. नवी मुंबईत, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात लहान लहान अंगणांभोवती घरं रचली, तीही अशाच हवेत.

बंगला बांधताना आर्किटेक्टला आधी वाऱ्याची दिशा विचारा, एसीचे टन नंतर. आणि पावसाला कंटाळून चौकावर पत्रा टाकणार असाल, तर गरम हवेला बाहेर पडायला वर फट ठेवा.