आधीं हेतु, मग बदल

आमच्या वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर होडी पाण्यांत लोटण्यापूर्वीं तांडेल एक गोष्ट ठरवून घेतो : आज कोणत्या मासळीसाठीं जावयाचें. जाळें त्यावरून निवडलें जातें. बांगड्याचें जाळें वेगळें, कोळंबीचें वेगळें. हातीं लागेल तें जाळें उचलून निघालेला तांडेल मीं पाहिलेला नाहीं. पण शाळा, ग्रंथालय, पतपेढी किंवा एखादें मंडळ यांत सुधारणा करावयास निघालेले, आणि ‘ही सुधारणा कशासाठीं?’ असें विचारतांच गोंधळून जाणारे गृहस्थ मात्र मीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतलाच मीहि एक होतों. म्हणूनच या विषयावर बोलण्याचें धाडस करीत आहें.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी एका प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक झालों. मीं स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलेला नसल्यामुळें आपल्या हातून कांहीं तरी भरीव व्हावें अशी ईर्षा मनांत होती. शिष्यवृत्ति-परीक्षेसाठीं सातवीच्या मुलांचा रात्रीचा अभ्यासवर्ग मीं सक्तीचा केला. सहकारी शिक्षक कुरकुरले. मीं त्यांस आळशी ठरविलें. दूरच्या वाडींतली एक मुलगी, गणितांत वर्गांत पहिली, चार-सहा दिवस आली आणि मग येईनाशी झाली. तिचे वडील भेटावयास आले व म्हणाले, “गुरुजी, अंधारांत दोन वाड्या ओलांडून पोर एकटी कशी येणार? आणि नाहीं आली तर तुम्ही सगळ्यांदेखत तिला उभी करतां.” पुढच्या महिन्यांत त्यांनीं तिचें नांवच शाळेंतून काढलें.

त्या रात्रीं मीं स्वतःस प्रथमच विचारलें, कीं हा वर्ग मीं कशासाठीं काढला? प्रामाणिक उत्तर असें आलें, कीं शाळेच्या फळ्यावर निकालाच्या आंकड्याखालीं माझें नांव झळकावें म्हणून! कच्च्या मुलास विषय समजावा हा हेतु असता, तर तोच वर्ग दुपारच्या सुटींतहि घेतां आला असता. पुढें मीं तो तसा घेतलाहि. पण ती मुलगी परत आली नाहीं.

याच्या अगदीं उलट असें एक उदाहरण आमच्याच किनाऱ्यावरील आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे हे दापोली तालुक्यांतील मुरुडचे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत ते गणिताचे प्राध्यापक होते. १८९३ सालीं त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला, आणि गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याच वर्षीं विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली. दोन वर्षांनीं, १८९५ सालीं, तिचें नांव बदलून ‘विधवाविवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी’ असें ठेवण्यांत आलें. ही केवळ शब्दांची अदलाबदल नव्हे. ‘उत्तेजन’ म्हटलें म्हणजे विधवांनीं लग्न करावेंच असा आग्रह आला. ‘प्रतिबंध-निवारण’ म्हटलें म्हणजे जिला करावयाचें असेल तिच्या वाटेंतला अडसर दूर करणें एवढेंच आलें. हेतु नेमका झाला, आणि नांवानें तो लोकांस स्पष्ट सांगितला.

१८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. पुढें १९०० सालीं तो पुण्याजवळ हिंगण्यास गेला. येथें अधिक अवघड कसोटी होती. ज्यानें स्वतः पुनर्विवाह केला त्याचा आश्रम म्हणजे लग्नें जुळविण्याचें ठिकाण, असा संशय लोकांस येणें स्वाभाविक होतें. कर्व्यांनीं आश्रमाचा हेतु एवढाच राखला, कीं विधवेनें शिकून स्वतःच्या पायांवर उभें राहावें. पुनर्विवाहाची चळवळ त्यांनीं आश्रमापासून वेगळी ठेवली. या स्पष्टतेमुळें पुनर्विवाहाशीं सहमत नसलेलीं माणसेंहि आश्रमास साहाय्य करूं शकलीं. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले या गोदूबाईंच्या भगिनी. स्वतः पुनर्विवाह न करतां त्यांनीं आपलें आयुष्य आश्रमास वाहिलें, आणि निधीसाठीं थेट अमेरिकेपर्यंत प्रवास केला.

हेतु स्थिर असला म्हणजे साधनें बदलण्याची भीति वाटत नाहीं. विधवांस शिकविणें पुरेसें नाहीं, कुमारिकांनाहि शिक्षण हवें, असें दिसतांच १९०७ सालीं महिला विद्यालय निघालें. १९१६ सालीं महिला विद्यापीठ. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली, व विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचें, नाथीबाईंचें, नांव देण्यांत आलें. ज्याचा हेतु स्त्रियांचें शिक्षण हा आहे, त्यास पाटीवर कोणाचें नांव आहे याचें दुःख कशास व्हावें? माझ्या फळ्यावरील नांवाची आठवण होऊन आजहि मला लाज वाटते.

तेव्हां श्रोतेहो, आपणांपैकीं कोणी एखाद्या संस्थेचें सुकाणूं हातीं घेणार असाल, तर प्रथम एक कागद घेऊन बसा. आपला हेतु एका वाक्यांत लिहा. पण त्यांत साधनाचें नांव येऊं देऊं नका. ‘रात्रीचा वर्ग काढणें’ हा हेतु नव्हे. ‘मुलांचें कच्चें राहिलेलें गणित पक्कें करणें’ हा हेतु होय. नंतर त्याच्याखालीं लिहा, कीं या हेतूसाठीं आपण काय करणार नाहीं. कर्व्यांनीं आश्रमांत लग्नाचा आग्रह धरला नाहीं, तसें. मग स्वतःस विचारा, कीं माझें नांव कोठेंहि न येतां हें काम झालें, तर मला तितकाच आनंद होईल काय? उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर कागद फाडून पुन्हां लिहावयास बसा.

आणि शेवटीं तें वाक्य, त्या बदलाचा भार ज्याच्यावर सर्वांत अधिक पडणार आहे, त्या माणसास वाचून दाखवा. माझ्या बाबतींत तो माणूस म्हणजे दोन वाड्यांपलीकडे राहणारा एक बाप होता. त्याच्या पडवींत जाऊन मी आधींच पांच मिनिटें बसलों असतों, तर गणितांत पहिली येणारी एक मुलगी शाळेस मुकली नसती.