वयस्क लहान कुत्र्याचा आकस्मिक आजार

पॉमेरेनियन, डाक्सहुंड, पूडल यांसारख्या लहान जातींची कुत्री मोठ्या जातींच्या कुत्र्यांपेक्षा सामान्यतः अधिक वर्षे जगतात. असे वयस्क जनावर एकाएकी आजारी पडले की, 'आता त्याचे वय झाले' असे म्हणून पुष्कळ लोक स्वस्थ बसतात. परंतु वार्धक्य हा काही रोग नव्हे. आकस्मिक आजारास कारण असते, व त्यावर पुष्कळदा उपचारही असतो. शिवाय आजार दिसावयास जितका भयंकर, तितकाच तो घातक असतो असेही नाही. पुढील दोन विकारांवरून हे स्पष्ट होईल.

पहिल्या विकारात कुत्रे उठू लागते आणि एका कुशीवर कोलमडते. मान एका बाजूस कलते, डोळे सारखे झटक्याने हलत राहतात, वांतीही होते. पाहणाऱ्यास हा पक्षाघातच वाटतो. वस्तुतः शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय अंतर्कर्णात असते. त्याचे किंवा त्याच्या मज्जातंतूचे कार्य एकाएकी बिघडले की ही अवस्था होते. वयस्क कुत्र्यांत तिचे कारण पुष्कळदा सापडत नाही. तथापि दोनतीन दिवसांत उतार पडू लागतो आणि दोनतीन आठवड्यांत बहुतेक कुत्री पूर्ववत चालू लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी दयामरणाचा विचार करणे उतावळेपणाचे होय. मात्र कानातील संसर्गाने अथवा मेंदूच्या विकारानेही हीच लक्षणे उद्भवतात; यास्तव पशुवैद्याकडून तपासणी अवश्य करावी.

दुसरा विकार हृदयाचा. तो गाजावाजा न करता येतो, पण अधिक घातक असतो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते. लहान जातींच्या कुत्र्यांत वयोमानाने ती जाड व वेडीवाकडी होते आणि रक्त मागे गळू लागते. हृदय काही वर्षे हा भार सोसते. पुढे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांवर दाब वाढून फुप्फुसांत पाणी उतरते. तेव्हा कुत्रे आडवे होत नाही, मान पुढे ताणून बसून राहते आणि जलद श्वास घेते. हिरड्या किंवा जीभ निळसर अथवा राखी दिसू लागल्यास क्षणाचाही विलंब करू नये. प्राणवायू व मूत्रल औषधे वेळेवर मिळाल्यास अशी पुष्कळ कुत्री त्या प्रसंगातून वाचतात.

हा धोका आधी ओळखण्याचे साधन प्रत्येक घरी आहे. ते म्हणजे घड्याळ. कुत्रे गाढ झोपले असता छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास, याप्रमाणे ३० सेकंद मोजून संख्या दुप्पट करावी. ती मिनिटास ३० पेक्षा कमी असावयास हवी. पुन्हापुन्हा मोजूनही ती अधिक भरल्यास त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावे.

आजार आला असता काय करावे? कुत्र्यास थंड, शांत जागी ठेवावे व पायऱ्यांपासून दूर न्यावे. तोंडात बळेच पाणी वा अन्न घालू नये. पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेन यांसारखी माणसांची औषधे मुळीच देऊ नयेत. ती कुत्र्यास विषासमान ठरू शकतात. झटके येत असल्यास तोंडात हात घालू नये, वेळ पाहावी. पाच मिनिटांहून अधिक टिकणारा झटका प्राणघातक ठरू शकतो. वाहून नेताना छाती दाबली जाणार नाही अशा बेताने टोपलीत किंवा फळीवर न्यावे. आजार केव्हा सुरू झाला, कोणती औषधे चालू आहेत व श्वासांची संख्या किती, हे कागदावर लिहून सोबत घ्यावे.

झडपेच्या विकाराची चाहूल लक्षणांपूर्वीच लागू शकते, कारण गळणाऱ्या रक्ताचा ध्वनी नळीने ऐकू येतो. सन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हृदय मोठे झालेल्या पण लक्षणे नसलेल्या ३६० कुत्र्यांची पाहणी करण्यात आली. पिमोबेंडान हे औषध दिलेल्या कुत्र्यांत हृदय निकामी होण्याची वेळ सुमारे १५ महिने लांबली. तेव्हा कुत्रे धडधाकट दिसत असले, तरी उतारवयात वर्षातून किमान एकदा त्याची छाती तपासून घ्यावी.