मोठ्या गाडीला लहान चाक : बसवावे की नाही?

गेल्या भादव्यात घनसावंगी तालुक्यातील एका मोसंबीच्या बागेत फळगळ पाहावयास गेलो होतो. बाग पाहून झाली, पाण्याचा निचरा कसा करावा आणि काय फवारावे ते सांगून झाले आणि चहासाठी ओट्यावर बसलो, तेव्हा त्या तरुण बागायतदाराने हळूच वेगळाच विषय काढला. अंगणात त्याची मोठी गाडी उभी होती. हल्ली सारे जण जिला एसयूव्ही म्हणतात आणि आमच्या वयाची माणसे सरळ जीप म्हणतात, तशी. वर्षापूर्वी वापरलेली म्हणून घेतलेली. चाके अठरा इंची, चकचकीत अलॉयची. त्यांतले दोन रिम वाकलेले.

"साहेब, ही चाकं काढून सोळा इंची बसवावी म्हणतो. टायर जाड येतो, खड्ड्यात रिम वाकत नाही. शहरातला एक फिटर म्हणतो, आतले ब्रेक बदलावे लागतील, पण करून देतो. भंगारात लहान गाडीचे ब्रेक मिळतात."

मी कृषी पदवीधर. खत-बियाणे, रोग-कीड हा माझा विषय. मी म्हणालो, "बाबा, हे मला कशाला विचारतोस?" तेवढ्यात आतून त्याची आई बाहेर आली. "साहेब, तुम्हीच सांगा ह्याला. गाडीत मी बसते, ह्याची लेकरं बसतात. चाकाचं मला कळत नाही, पण ब्रेकला हात लावू नको म्हणते मी."

आता गप्प बसता येईना. शिवाय ह्या विषयात मी एकदा चांगलाच पोळलो आहे, ते पुढे सांगतो.

त्या तरुणाची अडचण खोटी नव्हती, हे आधी कबूल केले पाहिजे. काळ्या रानातल्या आपल्या पाणंद रस्त्यांना अठरा इंची चाक सोसत नाही. रिम मोठा म्हणजे टायरची भिंत बुटकी. दगडावर किंवा खड्ड्याच्या कडेवर चाक आदळले, की तो दणका पचवायला रबर अन् हवा कमी पडते आणि धक्का थेट रिमला बसतो. टायर महाग, आणि आडगावी त्या मापाचा मिळत नाही. गावोगाव दिसणाऱ्या बोलेरोला २१५/७५ आर १५ असा पंधरा इंची, उंच भिंतीचा टायर असतो. ती गाडी पाणंदीत का टिकते त्याचे एक कारण हेच. तेव्हा लहान रिम आणि जाड टायर ही मागणी शेतकऱ्याच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. प्रश्न एवढाच, की त्यासाठी काय मोडायचे?

डनलॉप गाडीची आठवण

आपल्याकडे लहान चाकाचा प्रयोग पूर्वी एकदा होऊन गेला आहे. जुन्या बैलगाडीचे चाक चांगले पुरुषाच्या छातीला लागेल एवढे. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वरून लोखंडी धाव. मोठे चाक चाकोरीतून, चिखलातून सहज निघे. पुढे रबरी टायरची बुटकी चाके आली आणि लोक तिला डनलॉप गाडी म्हणू लागले. बैलांना ओढायला हलकी, साटा खाली आल्यामुळे भरायला सोपी. दहा-बारा क्विंटलच्या जागी दीड-दोन टन ऊस लोक लादू लागले. पण धावेची गाडी जी आपोआप अडखळत उतरे, ती टायरची गाडी उतारावर घरंगळू लागली. सारा भार बैलांच्या मानेवर. अंबडकडच्या उसाच्या पट्ट्यात साखर कारखान्याच्या वाटेवर उतार लागला की मागे लोंबकळून गाडी आवरणारी माणसे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. चाक बदलले, पण थांबवायची सोय कोणी त्या मानाने बदलली नाही.

जीपचे नेमके उलटे आहे. इथे थांबवायची सोय आधीच उत्तम आहे आणि लहान चाकासाठी ती लहान करायला निघालो आहोत.

ब्रेक आड का येतो

पुढच्या चाकाच्या पोटात लोखंडी ताट फिरत असते, त्याला डिस्क म्हणतात. ताटाच्या कडेवर चिमट्यासारखा कॅलिपर बसलेला. पाय दाबला की ब्रेक ऑईलच्या दाबाने तो चिमटा ताट आवळतो. हे ताट आणि हा चिमटा रिमच्या आत मावला पाहिजे. अठरावरून सोळा इंचांवर आलो म्हणजे सर्व बाजूंनी एकेक इंच जागा गेली. मोठ्या गाडीचा कॅलिपर मग रिमला घासतो, किंवा चाक बसतच नाही. म्हणून फिटर म्हणतो, ताट लहान करू, चिमटा लहान करू.

ताट लहान झाले तर काय होते? रहाटाचा दांडा लांब असला तर हात कमी दुखतो, आखूड असला तर जोर जास्त लागतो, तसेच हे. चिमटा मध्यापासून १४ सेंटिमीटरवर आवळत होता तो १२ वर आला, तर तेवढ्याच दाबाला पकड सातव्या हिश्शाने घटते. कोणी म्हणेल, टायरही लहान झाला ना, मग थांबवायला जोरही कमी लागेल. खरे आहे, बाहेरून चाक जितके लहान तितकी सूट मिळते. पण जाड टायर घालून बाहेरचे माप तेच ठेवले, तर ती सूटही गेली.

पकडीपेक्षा मोठी गोष्ट उष्णतेची. ब्रेक गाडीचा वेग गिळतो आणि त्याची उष्णता करतो. ८० च्या वेगाने जाणारी गाडी थांबवताना ६० च्या मानाने जवळजवळ पावणेदोनपट उष्णता होते. आणि उतार असेल तर विचारूच नका. अडीच टनांची भरलेली गाडी १०० मीटर उंची उतरते, तेव्हा जी उष्णता निघते तिच्यावर सात-आठ लिटर पाणी उकळीला येईल. थोडी इंजिन खाते, बाकीची ब्रेकच्या वाट्याला. कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे जाणाऱ्याने हा हिशेब मनात करून पाहावा. मोठे ताट म्हणजे मोठी परात, उष्णता पसरून लवकर निवते. लहान ताट लवकर तापते. ती उष्णता ब्रेक ऑईलपर्यंत पोचते. डॉट-३ जातीचे नवे ऑईल २०५ अंशांना उकळते, पण त्यात हवेतला ओलावा मुरला की १४० अंशांतच. ऑईल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पाय खाली जातो आणि चिमटा आवळतच नाही.

अमेरिकेत शर्यतीच्या गाड्यांना ब्रेक लहान करून मागे पंधरा इंची चाके बसवण्याचा प्रकार चालतो, हे खरे. त्यांना सुटताना पकड घेणारा उंच, मऊ टायर हवा असतो. पण त्या गाड्या पाव मैलाच्या बंद पट्टीवर पळतात आणि फार वेगवान गाड्यांना थांबायला मागून छत्री उघडावी लागते. त्यांचा कित्ता आपण पाचजणांना घेऊन लग्नाला जाताना गिरवावा असे मला वाटत नाही.

आणखी एक. पुढचे-मागचे ब्रेक एकमेकांना जोखून दिलेले असतात. पुढचे तेवढे कमजोर केले, तर जोरात ब्रेक मारताना मागची चाके आधी जाम होऊ शकतात आणि गाडी गर्रकन फिरते. नव्या गाड्यांत एबीएस असते. तेही त्या गाडीच्या मूळ ब्रेकच्या हिशेबाने बसवलेले.

माझी फजिती

बरीच वर्षे झाली. माझ्या जुन्या गाडीचे टायर संपले होते. एका गॅरेजवाल्याने एक इंच लहान रिम आणि टायर असा स्वस्त जोड दाखवला. चाक कॅलिपरला किंचित घासत होते. "काही नाही साहेब," म्हणून त्याने ग्राइंडरने कॅलिपरची कड उडवली आणि चाक बसवून दिले. मी पैसे वाचले म्हणून खूश.

त्याने पाहिले नाही आणि मीही पाहिले नाही, ते हे. नवा रिम आतल्या अंगाला जास्त आलेला होता. स्टिअरिंग पुरते वळवले, की त्याची कड ब्रेकच्या रबरी पाइपला लागे. रोज थोडे थोडे घासत पाइप झिजला. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलो होतो, सौ. आणि दोन्ही मुले बरोबर. परतताना एका उतारावर पुढे कडब्याने भरलेली बैलगाडी दिसली, ब्रेक दाबला आणि पाय तळापर्यंत गेला. ब्रेकच्या नळ्या दोन वेगळ्या असतात म्हणून दुसरीकडचा थोडासा लागला. गिअर खाली टाकला, हातब्रेक ओढला आणि गाडी कोणाच्या तरी ज्वारीच्या बांधावर चढवली. धाकट्याच्या कपाळाला खोक पडली, बाकी सारे वाचलो. बैलगाडीवाला मात्र मागे न पाहता आपल्या चालीने निघून गेला. त्याला काही कळलेच नाही.

ते कॅलिपर मी नंतर बदलून घेतले. घासलेले ओतीव लोखंड कुठे तडकेल याचा नेम नाही.

मापे आणि कायदा

ओट्यावर बसून त्या तरुणाला मी टायरचे गणितही करून दाखवले. २५५/६० आर १८ म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, भिंत तिच्या साठ टक्के, रिम १८ इंच. भिंत दोनदा धरून बाहेरचे माप येते ७६३ मिलिमीटर. त्याऐवजी २४५/७० आर १६ घातला तर ७४९. फरक नगण्य. पण सहज मिळतो म्हणून २१५/६५ आर १६ घातला तर ६८६ मिलिमीटर. गाडी ३८ मिलिमीटरने, म्हणजे दीड इंच खाली बसली. बांध ओलांडायला घेतलेली गाडी बांधालाच टेकणार. वर काटा ६० दाखवील तेव्हा गाडी खरी ५४ ने चाललेली असेल. टायरवर भाराचा आकडाही असतो: ९८ लिहिले असेल तर एका टायरला ७५० किलो, १०९ असेल तर १०३० किलो. त्या पुढचे अक्षर वेगाचे. समृद्धी महामार्गावर जालन्याहून चढणाराने ते दोन्ही पाहूनच चढावे.

कायदाही सरळ आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की कंपनीने ठरवलेल्या मूळ मापदंडांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही केरळातील एका प्रकरणात हेच बजावले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि अपघात झालाच तर ब्रेक बदललेल्या गाडीचा दावा मंजूर करताना विमा कंपनी कोणते प्रश्न विचारील ते मी सांगायला नको.

मग करावे काय?

मी त्याला म्हणालो, ब्रेक सोड, कंपनीचे लहान चाक शोध. एकाच गाडीच्या वरच्या मॉडेलला मोठी चाके देतात आणि साध्या मॉडेलला लहान. स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या मॉडेलला १८ इंची, खालच्याला १७ इंची. २०२० च्या थारला १८ आणि १६ अशी दोन्ही. जे चाक कंपनीने स्वतः त्या गाडीला दिले आहे, ते माप मंजूर झालेले असते. फक्त तुझ्या मॉडेलचे ब्रेक त्या साध्या मॉडेलसारखेच आहेत का, हे गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या दुकानात लेखी विचार.

आणि एक घरगुती तपासणी. चाक चढवण्याआधी कॅलिपरच्या सर्वांत उंच भागावर भिजवलेल्या कणकेचा गोळा लावायचा. चाक बसवून नट आवळायचे, हाताने सावकाश एक फेरा द्यायचा, पुन्हा चाक काढायचे. कणीक जिथे सर्वांत पातळ दाबली असेल तिथली जाडी म्हणजे तुमची मोकळी जागा. निदान तीन मिलिमीटर तरी हवी. मग चाक चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पुरते वळवायचे आणि खाली वाकून ब्रेकच्या रबरी पाइपकडे पाहायचे. मी त्या दिवशी हे पाच मिनिटांचे काम केले असते, तर धाकट्याच्या कपाळावर आज खूण नसती.

कार्तिकात पुन्हा त्या बागेकडे जाणे झाले. अंगणात तीच गाडी उभी, खाली सतरा इंची साधे पोलादी रिम, काळे, चकाकी मुळीच नाही. कंपनीच्या दुकानातून ब्रेक तेच असल्याचा कागद त्याने आणला होता, तो मला मुद्दाम दाखवला. शहरातला फिटर म्हणे दोनदा फोन करून गेला. जुनी अठरा इंची चाके कापसाच्या खोलीत एकावर एक रचलेली होती आणि त्यांवर मांजर वेत देऊन बसली होती. त्याची आई म्हणाली, "आता पिल्लं मोठी होईस्तोवर विकू नको म्हणाव साहेब ह्याला." फळगळीचे मात्र अजून पुरते थांबलेले नव्हते, वरच्या चार ओळींत पाणी तुंबत होते. आम्ही तिकडे गेलो.