लग्न बेटावर, पाहुणे बोटीवर

लग्नाची पत्रिका वाटून झाली की पाहुण्यांचं निम्मं काम संपलं, असं आपण धरून चालतो. कार्यालयाचा पत्ता दिलेला असतो, मुहूर्त दिलेला असतो. पाहुणा एसटीनं येतो, रेल्वेनं येतो, चुकलाच तर रिक्षावाल्याला विचारतो. पण कार्यालय समुद्रापलीकडे असेल तर?

माझ्या भाचीचं लग्न अंदमानात झालं. फेब्रुवारी महिना, हॅवलॉक बेट, साठ-पासष्ट माणसं. मी निवृत्त माणूस, म्हणून पाहुण्यांच्या प्रवासाचं खातं माझ्याकडे आलं. मी सगळ्यांना हॉटेलचं नाव आणि तारीख कळवली आणि ‘हळदीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचा’ असं लिहिलं. नऊ जणांनी त्याच दिवशी दुपारी उतरणारं स्वस्त विमान पकडलं. त्यात आमची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या होती. विमानाला उशीर झाला, शेवटची बोट निघून गेली. नवरीला पहिली हळद लावण्याचा मान आत्याचा. ती त्या रात्री पोर्ट ब्लेअरच्या लॉजवर बसून होती आणि इकडे हळद लागली. दुसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, “अरे, आधी सांगितलं असतंस, तर मी आदल्या दिवशीच निघाले असते.”

मंडळी, तिला कुणी सांगितलंच नव्हतं की विमान उतरतं ते गाव वेगळं आणि लग्नाचं बेट वेगळं. यजमानाला हे ठाऊक असतं, पाहुण्याला नसतं. म्हणून पत्रिकेबरोबर एक साधं पत्र जायला हवं, तेही किमान सहा महिने आधी. त्यात काय असावं, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट नावांची. 2018 मध्ये हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप झालं, 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. लोकांच्या तोंडी अजून जुनी नावं आहेत. पाहुण्याला एका कागदावर एक नाव आणि दुसऱ्यावर दुसरं दिसलं की तो घाबरतो. पत्रात दोन्ही लिहा.

दुसरी गोष्ट वाटेची. विमान श्री विजयपुरमच्या वीर सावरकर विमानतळावर उतरतं. मुंबई-पुण्याकडून जाताना बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलावं लागतं. चेन्नईपासून पुढे सव्वादोन तासांच्या आसपास. तिथून धक्क्यावर जायचं आणि बोटीनं स्वराज द्वीप गाठायचं. खासगी बोटींना दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीला अडीचच्या आसपास. दुपार कलल्यावर बोटी फारशा नसतात. म्हणून नियम एकच: विमान आणि बोट यांच्यात एक रात्र ठेवा. जातानाही आणि परततानाही.

ही रात्र वाया जाते असं कुणाला वाटू नये. 1911 ते 1921 या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर ज्या सेल्युलर जेलमध्ये होते, ते याच गावात आहे. आपल्याकडच्या ज्येष्ठांना अंदमान म्हटलं की आधी ती कोठडी आठवते. पत्रात लिहा, ‘पहिला मुक्काम श्री विजयपुरमला, जेलचं दर्शन, दुसऱ्या दिवशी सकाळची बोट.’ मग तीच रात्र त्यांच्या प्रवासाचं कारण होते.

तिसरी गोष्ट तारखेची. ही यजमानानं तारीख ठरवण्याआधी पाहायची. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी, मे महिन्याच्या उत्तरार्धात अंदमानला पोचतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे दिवस. डिसेंबर 2016 मध्ये खराब हवामानामुळे बोटी बंद पडल्या, हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक आणि नील बेटांवर अडकले आणि नौदलाला त्यांना बाहेर काढावं लागलं. तुळशीचं लग्न झालं की आपले मुहूर्त सुरू होतात, पण समुद्राच्या दृष्टीनं जानेवारी ते एप्रिल अधिक शांत. आणि गुरुजींना स्थळ सांगूनच मुहूर्त काढून घ्या. घड्याळ तिथं आपलंच आहे, पण बेटं मुंबईच्या बरीच पूर्वेला. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. मुंबईच्या वेळेनं धरलेला गोरज मुहूर्त तिथं मिट्ट काळोखात लागेल.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. भारतीय नागरिकाला इथं पासपोर्ट लागत नाही, पण फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. आपल्याकडे घोळ होतो तो बायकांच्या नावांचा. आधारवर सासरचं नाव, तिकिटावर भाच्यानं घाईत टाकलेलं माहेरचं. विमान आणि बोट, दोन्हीची तिकिटं काढण्याआधी ओळखपत्राची प्रत मागवा आणि त्यावरचंच नाव टाका. अमेरिका-इंग्लंडहून येणाऱ्या, परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांचं वेगळं. 2018 मध्ये स्वराज द्वीपसह अनेक बेटांसाठी परवान्याची अट शिथिल झाली, पण असे नियम मुदतीचे असतात. तिकिटाआधी प्रशासनाकडून त्या वेळचा नियम विचारून घ्यावा.

पाचवी गोष्ट बोट लागण्याची. बस लागते तशी बोटही लागते. रिकाम्या पोटी बसू नये, तळलेलं खाऊनही बसू नये. बोटीच्या मधल्या भागात जागा घ्यावी, तिथं हेलकावे कमी बसतात. मोबाइलमध्ये डोकं न घालता दूर क्षितिजाकडे पाहावं. गोळी घ्यायची तर ती बोट सुटण्याआधी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. रोजची औषधं चार दिवस जास्तीची आणि हातातल्या पिशवीत. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठं सरकारी रुग्णालय श्री विजयपुरमला, म्हणजे पुन्हा समुद्र ओलांडून. ज्यांचं दुखणं नाजूक आहे, त्यांना हे आधी कळलंच पाहिजे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी धक्क्यावर हात धरायला घरचा एक तरुण उभा ठेवा.

सहावी गोष्ट सामानाची. देशांतर्गत विमानात साधारण 15 किलो सामान चालतं, त्यात पैठणी, फेटे आणि रुखवत बसवायचं असतं. कापूर आणि काडेपेट्या बॅगेत चालत नाहीत. ओटीसाठी नेलेलं सुकं खोबरंही चेक-इनच्या बॅगेतून काढून ठेवतात. नारळाची काळजी नको, तिथं नारळच नारळ आहेत. थोडी रोकड जवळ ठेवावी. परतताना मुलांनी वेचलेले शंख आणि प्रवाळ बॅगेत घालू देऊ नका, वन्यजीव कायद्यानं ते महागात पडतं.

बेटावर उतरल्यावर कुठं जायचं हेही लिहा. तिथले किनारे क्रमांकानं ओळखले जातात. बाजार तीन नंबरला, प्रसिद्ध राधानगर किनारा सात नंबरला, धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटरवर. हॉटेलच्या नावापुढे हा आकडा घाला आणि न्यायला येणाऱ्या माणसाचा फोन द्या.

आता शेवटची आणि अवघड गोष्ट पैशांची. विमानाचं भाडं कोण देणार, राहण्याचं कोण, बोटीचं कोण, हे आपण संकोचानं लिहीत नाही. मग पाहुणा विचारत नाही, कर्ज काढून येतो किंवा खोटं कारण सांगून राहतो. दोन्हींनी नातं दुखावतं. स्पष्ट लिहा: ‘राहणं, जेवण, बोट आमच्याकडे. विमानाचं तिकीट आपलं. माणशी अंदाजे एवढा खर्च येईल.’ त्याखाली आणखी एक वाक्य हवं: ‘प्रकृतीमुळे वा खर्चामुळे जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. परतल्यावर घरी सत्यनारायण आहे, तिथं नवरा-नवरी तुमच्या पाया पडायला असतील.’

गेल्या वर्षी एका स्नेह्यांनी मुलाचं लग्न तिथंच केलं, तेव्हा मी त्यांना असं पत्र लिहून दिलं. त्यांच्या तीन ज्येष्ठ नातेवाइकांनी पत्र वाचून ‘आम्ही पूजेला येऊ’ असं कळवलं, आणि ते आले. बाकीचे सगळे हळदीच्या आदल्या दिवशी बेटावर होते.

ते पत्र मी आत्याला वाचून दाखवलं. तिनं चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचलं आणि म्हणाली, “हे मला आधी मिळालं असतं, तर हळदीला मी असते.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)