सामायिक होम विभाजन (लिनक्स)

एकाच संगणकावर बसवलेल्या दोन किंवा अधिक लिनक्स वितरणांनी वापरकर्त्यांच्या संचिकांसाठी डिस्कचे एकच विभाजन (पार्टिशन) वापरण्याच्या व्यवस्थेला सामायिक होम विभाजन म्हणतात. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याची कागदपत्रे, छायाचित्रे आणि त्याने केलेली सॉफ्टवेअरची मांडणी 'होम' या निर्देशिकेखाली साठवली जाते. ही निर्देशिका मूळ प्रणालीपासून वेगळ्या विभाजनावर ठेवल्यास, उदाहरणार्थ, उबुंटू व फेडोरा अशी दोन वितरणे असलेल्या लॅपटॉपवर कोणतेही वितरण सुरू केले तरी त्याच संचिका उपलब्ध होतात. एखादे वितरण पुसून नव्याने बसवले तरी वैयक्तिक विदा शाबूत राहते. मात्र दोन्ही प्रणालींना एकमेकींच्या अस्तित्वाची जाणीव नसते, आणि या व्यवस्थेतील बहुतेक बिघाड त्यातूनच उद्भवतात.

जोडणी

कोणते विभाजन कोठे जोडावे म्हणजेच माउंट करावे, याची नोंद प्रत्येक वितरणाच्या 'इटीसी' निर्देशिकेतील 'एफएसटॅब' या साध्या मजकूर-संचिकेत असते. तिच्या प्रत्येक ओळीत सहा रकाने असतात : विभाजनाची ओळख, जोडणीचे ठिकाण, संचिकाप्रणालीचा प्रकार, पर्याय, आणि शेवटी दोन अंक. शेवटचा अंक तपासणीचा क्रम सांगतो. मूळ विभाजनासाठी तो 1, होमसाठी 2 आणि तपासणी नको असल्यास 0 असतो. दोन वितरणांच्या दोन स्वतंत्र एफएसटॅब संचिका असल्याने होमची नोंद दोन्हींत करावी लागते. एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत आपोआप पोहोचत नाही.

विभाजनाची ओळख 'एसडीए3' अशा नावाने देण्याऐवजी त्याच्या यूयूआयडीने देतात. डिस्कची नावे ती सापडण्याच्या क्रमावर अवलंबून असतात व बदलू शकतात. 128 बिटांचा यूयूआयडी विभाजनावरील संचिकाप्रणालीतच नोंदलेला असतो. मात्र विभाजन पुन्हा फॉरमॅट केल्यास तोही बदलतो. दुसरे वितरण बसवताना त्याच्या इन्स्टॉलरने स्वॅप विभाजन नव्याने फॉरमॅट केले, तर पहिले वितरण जुन्याच यूयूआयडीचा शोध घेत राहते आणि सुरू होताना दीड मिनिट ताटकळते. हा सिस्टिमडीचा 90 सेकंदांचा ठरलेला प्रतीक्षाकाळ होय. सध्याचे यूयूआयडी 'बीएलकेआयडी' किंवा 'एलएसबीएलके -एफ' या आज्ञांनी पाहता येतात.

संचिका नाहीशा झाल्याचा भास

दुसरे वितरण प्रथमच सुरू केल्यावर होम निर्देशिका रिकामी दिसणे, हा वापरकर्त्याला सर्वाधिक घाबरवणारा प्रसंग असतो. प्रत्यक्षात बहुधा काहीही पुसले गेलेले नसते. सामायिक विभाजन जोडलेच गेले नसेल, तर त्या वितरणाच्या मूळ विभाजनावरील स्वतःची होम निर्देशिका दिसते. उलट, आधीच संचिका असलेल्या निर्देशिकेवर विभाजन जोडले, तर त्या जुन्या संचिका जोडणी असेपर्यंत झाकल्या जातात. त्यामुळे कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी 'फाइंडएमएनटी' या आज्ञेने होमच्या ठिकाणी खरोखर कोणते विभाजन जोडले आहे हे पाहणे आवश्यक ठरते.

फेडोराच्या 33व्या आवृत्तीपासून (2020) डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस ही संचिकाप्रणाली मूलनिवड म्हणून वापरली जाते. तिच्यात होम हे स्वतंत्र विभाजन नसून उपखंड असतो. दुसऱ्या वितरणातून जोडताना उपखंडाचे नाव दिले नाही, तर वापरकर्त्यांच्या निर्देशिकांऐवजी 'रूट' व 'होम' अशा दोन निर्देशिका दिसतात. पर्यायांच्या रकान्यात उपखंडाचे नाव लिहिल्यावर ही अडचण दूर होते.

विदा खरोखर नष्ट होते ती प्रामुख्याने इन्स्टॉलरच्या पडद्यावर. होमसाठी जुने विभाजन निवडताना 'फॉरमॅट' ही खूण राहून गेली, तर सर्व संचिकांची अनुक्रमणिका पुसली जाते. विभाजन वेगळे असणे म्हणजे प्रतिलिपी (बॅकअप) असणे नव्हे.

प्रणाली सुरू न होणे

एफएसटॅबमध्ये चुकीचा यूयूआयडी असल्यास सिस्टिमडी होमची वाट पाहून आणीबाणीच्या मजकूर-स्थितीत जाते. रूट खाते कुलूपबंद असलेल्या काही वितरणांत तेथेही प्रवेश मिळत नाही. अशा वेळी दुहेरी मांडणीच उपयोगी पडते : चालू असलेल्या वितरणातून बिघडलेल्या वितरणाचे मूळ विभाजन जोडून त्यातील एफएसटॅब दुरुस्त करता येते. 'नोफेल' हा पर्याय दिल्यास होम न सापडताही प्रणाली सुरू होते; पण मग वापरकर्ता नकळत रिकाम्या होममध्ये प्रवेश करतो. त्यामुळे हा पर्याय होमपेक्षा दुय्यम विदा-विभाजनांसाठीच योग्य आहे. नवी नोंद केल्यावर संगणक पुन्हा सुरू करण्यापूर्वी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' व 'माउंट -ए' चालवून पाहिल्यास बहुतेक चुका तेव्हाच उघड होतात.

वितरणांच्या वयातील फरकही आड येतो. ईएक्सटी4 संचिकाप्रणालीची साधने पुरवणाऱ्या ई2एफएसप्रॉग्ज या संचाच्या 1.47.0 या 2023 मधील आवृत्तीने काही नवी वैशिष्ट्ये मूलनिवड केली. त्यांसह तयार केलेले विभाजन तपासण्यास जुन्या वितरणातील साधन नकार देते. म्हणून सामायिक विभाजन दोहोंपैकी जुन्या वितरणातून तयार करणे श्रेयस्कर.

मालकीचे क्रमांक

संचिकेवर मालकाचे नाव नव्हे, तर क्रमांक (यूआयडी) नोंदलेला असतो. उबुंटू, डेबियन व आजच्या फेडोरामध्ये पहिल्या वापरकर्त्यास 1000 हा क्रमांक मिळतो. फेडोराच्या 15व्या आवृत्तीपर्यंत ही गणना 500 पासून होत असे. एकाच व्यक्तीचे क्रमांक दोन वितरणांत वेगळे असल्यास तिला स्वतःच्याच संचिका उघडता येत नाहीत. लॅपटॉप दोघे भावंडे वापरत असतील आणि त्यांची खाती एका वितरणात एका क्रमाने व दुसऱ्यात उलट क्रमाने उघडली असतील, तर एकाचे खासगी कागद दुसऱ्याच्या हाती जातात. यात प्रणालीच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. म्हणूनच कोणताही इशारा मिळत नाही.

'एलएस -एलएन' ही आज्ञा नावांऐवजी क्रमांक दाखवते. केवळ 'सीएचओन' आज्ञेने मालकी बदलणे हा अपुरा उपाय आहे, कारण मग तोच दोष दुसऱ्या वितरणात प्रकटतो. 'यूजरमॉड -यू' वापरून एका वितरणातील क्रमांक दुसऱ्याशी जुळवावा लागतो, आणि त्या वेळी संबंधित वापरकर्त्याचे सत्र बंद असावे लागते. गटांचे क्रमांकही पाहावे लागतात : उबुंटू प्रत्येकासाठी स्वतंत्र गट बनवते, तर ओपनसूसेमध्ये परंपरेने सर्वांचा मुख्य गट 100 क्रमांकाचा असतो.

फेडोरामध्ये याशिवाय एसईलिनक्सची सुरक्षा-लेबले तपासली जातात. उबुंटूतून तयार झालेल्या संचिकांवर ती नसल्यास मालकी जुळूनही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. 'रिस्टोअरकॉन -आर' ही आज्ञा लेबले पुन्हा लावते. त्यासाठी एसईलिनक्स कायमचे बंद करण्याची गरज नसते.

शीतनिद्रेचा धोका

एक वितरण शीतनिद्रेत (हायबरनेट) ठेवून दुसरे सुरू करणे हा या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर धोका होय. निद्रिस्त प्रणालीच्या जतन केलेल्या स्मृतीत होम विभाजनाची त्या क्षणीची स्थिती असते. मधल्या काळात दुसऱ्या प्रणालीने त्यावर लिहिले आणि नंतर पहिली जागी झाली, तर ती जुन्या माहितीच्या आधारे नव्या नोंदींवर लिहिते व संचिकाप्रणाली दूषित होते. दोन्ही वितरणे एकच स्वॅप वापरत असल्यास जतन केलेली स्मृतीही गमावली जाऊ शकते. सामायिक होम असलेल्या संगणकावर शीतनिद्रा बंद ठेवणे आणि वितरण बदलण्यापूर्वी संगणक पूर्णपणे बंद करणे, हाच यावरील खात्रीचा उपाय आहे.

मांडणीच्या संचिका आणि पर्यायी रचना

जोडणी निर्दोष असतानाही लपलेल्या मांडणी-संचिकांत संघर्ष होतो. नव्या आवृत्तीने बदललेली मांडणी जुन्या आवृत्तीस कळत नाही. फायरफॉक्स 67 (2019) पासून नव्या आवृत्तीत वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू दिले जात नाही. एका वितरणाची भाषा मराठी व दुसऱ्याची इंग्रजी ठेवल्यास नोम डेस्कटॉप 'डॉक्युमेंट्स'सारख्या निर्देशिकांची नावे बदलण्याविषयी विचारणा करतो. होकार दिल्यास त्या नावांवर विसंबलेले दुवे तुटतात.

या कारणांमुळे अनेक जण संपूर्ण होम सामायिक करत नाहीत. प्रत्येक वितरणास त्याची स्वतंत्र होम निर्देशिका ठेवून, केवळ कागदपत्रे, छायाचित्रे व संगीत एका विदा-विभाजनावर ठेवतात आणि बाइंड माउंट किंवा सांकेतिक दुव्यांनी दोन्हीकडे जोडतात. मालकीचे क्रमांक मात्र याही रचनेत जुळवावे लागतात, आणि शीतनिद्रेचे बंधनही कायम राहते.